पायाळू गर्भाचे परिवर्तन आणि भूल

‘पायाळू’ हा शब्द मराठी घराला परिचित आहे. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूतही जुनीच. चिकित्सकापुढील प्रश्न मात्र जन्मापूर्वीचा असतो. दिवस भरलेल्या गर्भिणींपैकी ३ ते ४ टक्के स्त्रियांत गर्भाचे नितंब वा पाय खाली असतात. सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २६ देशांतील २,०८८ गर्भिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर अशा वेळी नियोजित सिझेरियनकडे कल वाढला. परंतु पहिल्या सिझेरियनचा व्रण पुढील गर्भधारणांत जोखीम ठरतो. म्हणूनच ३६-३७ आठवड्यांनंतर पोटावरून हातांनी गर्भ फिरवण्याच्या क्रियेस महत्त्व आहे. सुमारे निम्म्या वेळा ती यशस्वी होते.

भूल कशासाठी?

वेदनेने पोट ताठरले की हात चालत नाही. टर्ब्युटालिनने गर्भाशय शिथिल होतो; मणक्यातून दिलेल्या भुलीने वेदना शमते आणि उदरभित्तीही सैलावते. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यातील ६ चाचण्यांत (५५० गर्भिणी) या जोडीमुळे अपयश सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सिझेरियनचे प्रमाण मात्र निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. वेदना ही अतिरिक्त बळाविरुद्धची सूचना असते. ती नाहीशी झाल्यावर हाताचा संयम अधिकच हवा. ब्रिटनमधील २०१७ ची मार्गदर्शिका म्हणूनच सरसकट भूल सुचवत नाही. पहिला प्रयत्न फसल्यास किंवा वेदना असह्य झाल्यास तिचा विचार करावा, असे सांगते.

सुश्रुताचार्यांनी मूढगर्भचिकित्सा केवळ स्पर्शाने करावयाची म्हणून अत्यंत कष्टप्रद मानली, अधिपतीची अनुमती घेण्यास सांगितले आणि सूत्रस्थानात मूढगर्भाचे कर्म उपाशीपोटी करण्याचा निर्देश दिला. संमती आणि रिक्त कोष्ठ यांचे मोल आजच्या भूलतज्ज्ञालाही तितकेच आहे.

आपले कर्तव्य

पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकला पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून ३४-३५ आठवड्यांतच उदरस्पर्शनाने संशय आल्यास सोनोग्राफी करवून प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. पोट चोळून गर्भ फिरवण्याचा प्रयत्न घरी कोणासही करू देऊ नये. ही क्रिया तत्काळ सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी, कारण सुमारे २०० पैकी एका स्त्रीस तशी गरज पडते. अपरा गर्भाशयमुखावर असल्यास, नुकताच रक्तस्राव झाला असल्यास वा गर्भोदक गेले असल्यास ती करू नये. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास चिठ्ठीत ठळक नोंद करावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी गर्भिणी घेत असलेल्या सर्व औषधांची यादी लिहून द्यावी. रक्त पातळ करणारे एखादे इंजेक्शन भूलतज्ज्ञास न कळणे धोक्याचे ठरते. नवव्या मासातील अनुवासन बस्ती व पिचू यांचे प्रयोजन वातानुलोमन आणि मार्गस्नेहन हे आहे. गर्भ फिरण्याच्या आशेने त्यांत आठवडे दवडले, तर परिवर्तनाची वेळच निघून जाते.