भोपाळमधले मराठी लग्न : छायाचित्रकार ठरवताना

भोपाळमध्ये हिंदी भाषक घरांतली लग्ने बहुधा रात्री लागतात. तिथल्या छायाचित्रकारांचा हात बसलेला असतो तो वरात, जयमाला आणि फेऱ्यांवर. मराठी लग्नाचा मुख्य क्षण मात्र मुहूर्ताच्या मिनिटाला, अनेकदा दिवसाउजेडी येतो. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि हार घातले जातात, सारे काही सेकंदांत. म्हणून निवडक फोटोंच्या अल्बमवर भुलू नका. छायाचित्रकाराने टिपलेल्या एखाद्या मराठी लग्नाचे सगळे फोटो पाहायला मागा. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवाच. कानपिळी, झाल, सूनमुख यांची वेळवार यादी आधीच हाती द्या.

बड्या तलावाकाठी ड्रोन उडवायचा असेल, तर ‘ड्रोन नियम, २०२१’नुसार ती जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते, हे छायाचित्रकाराकडून तपासून घ्या; राजा भोज विमानतळ शहरालगतच आहे.

फोटो काढायला प्रत्यक्ष कोण येणार, त्याचे नाव करारात हवे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटो-चित्रफितींचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार तुमचा असतो. छापील करारातली याविरुद्धची अट सहीआधी खोडून घ्या.