दहा गुंठे रान

सकाळी सहा. पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी निघण्यापूर्वी सगळं पुन्हा ओसरीवर मांडून पाहते. घेर मोजायची टेप, पन्नास मीटरची फीत, उंचीचं लेझर, उताराचा कोन दाखवणारं क्लिनोमीटर, अ‍ॅल्युमिनियमचे बिल्ले, पिवळा ऑइलपेंट आणि १.३ मीटरवर खूण केलेली बांबूची काठी. झाडाचा घेर बहुतेक ठिकाणी जमिनीपासून एवढ्याच उंचीवर घेतात. काठी विसरली तर दिवसाचे आकडे कुणाच्याच आकड्यांशी ताडता येत नाहीत.

साडेसात. संगमेश्वर तालुक्यातली टेकडी, मालकीचं रान. कोकणात असं खाजगी रान पुष्कळ. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, सरसकट तोड होते, ट्रक भरून जातात आणि पुढच्या पावसात खुंटांना फुटवे येतात. रान पुन्हा किती भरलं हे सांगायचं, तर आधी त्याचं वय हवं, आणि ते कुठलंच यंत्र सांगत नाही. साग सोडला तर इथल्या बहुतेक झाडांच्या खोडात वर्षाची वलयं नीट वाचता येत नाहीत. म्हणून सोबतच्या काकांना विचारते.

"कोकण रेल्वे सुरू झाली ना ताई, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हे तोडलं. मग भावाभावांत वाद लागला. सातबाऱ्यावर एवढी नावं, कोण सही देणार?"

रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे तोड १९९७ ची. वहीत तेच लिहिते. सह्याद्रीच्या या बाजूला वाटणीच्या भांडणांनी बरंच रान राखलं आहे. वहाळापलीकडची तोड बरीच अलीकडची. दोन वयांची रानं शेजारी मिळाली की वाढीचा अंदाज बांधता येतो, पण खरी वाढ कळते ती याच झाडांना याच महिन्यात पुन्हा टेप लावली तरच. पावसाळ्यात सालीत पाणी मुरून खोड फुगतं, आणि ते फुगणं वाढ म्हणून नोंदलं जाऊ शकतं.

नऊ. प्लॉट आखणी. वीस बाय पन्नास मीटर, जवळजवळ दहा गुंठे. मात्र हे माप सपाटीचं धरायचं. तीस अंशांच्या उतारावर पन्नास मीटरसाठी फीत जवळपास अठ्ठावन्न मीटर ओढावी लागते. तसं केलं नाही तर प्लॉट लहान पडतो आणि झाडांचं दर हेक्टरी वजन कमी दिसतं.

दहा ते दीड. मोजणी. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, मध्येच चांदाडा. दहा सेंटिमीटर जाडीखालची खोडं सोडायची रीत जुन्या जंगलात चालते, इथे निम्मं रान तिथेच सुटेल, म्हणून मी पाचपासून घेते. एका ऐनाच्या खुंटाला चार फुटवे आहेत, प्रत्येकाची जाडी दहाच्या आसपास. चारही वेगळे नोंदायचे. जाड्या बेरजेला लावून चाळीसचं एक झाड केलं, तर वजन जवळजवळ चौपट फुगतं. एका फुटव्यावर उक्षीची वेल आवळून बसली आहे. काका ती कोयतीने तोडायला जातात, मी थांबवते. वेल नुसती उचलून टेप तिच्याखालून सरकवायची. मोजणीसाठी रानात बदल करायचा नाही, एवढा नियम मी कसोशीने पाळते. पलीकडचा किंजळ खाली जाड आणि वर खुजा, कारण राबासाठी वर्षानुवर्षं त्याची कवळ तोडली गेली. अशा झाडाची उंची केवळ घेरावरून काढली तर आकडा फसवा येतो, म्हणून लेझर लावतेच.

दीड. भाकरी, सुकटीची चटणी, पाणी.

दोन ते चार. आता खालची रोपं. माझ्या मते खरं उत्तर इथे असतं, आणि ते टनांत येत नाही. तोडीनंतर परत येतात ती खुंटातून फुटणारी झाडं. ज्यांना बी पडूनच यावं लागतं, त्यांची वाट धनेश, वटवाघूळ, उदमांजर यांच्यावर अवलंबून. जवळ देवरहाटी असेल तर बी पोचतं. इथे जांभळाची रोपं दिसली, काठाला मात्र रानमोडीची गर्दी.

सात. आकडेमोड. झाडाच्या वजनासाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र वापरते. लाकडाची घनता, जाडीचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार, त्याचा ०.९७६ घात, गुणिले ०.०६७३. वीस सेंटिमीटर जाड, बारा मीटर उंच, ०.७ घनतेचं झाड साधारण १८६ किलो भरतं. जाडी दोन सेंटिमीटर जास्त धरली तर २२४. लाकूड निम्मं हलकं असेल तर जेमतेम ९५. म्हणून झाड ओळखता येणं मोजण्याइतकंच महत्त्वाचं. जुलै २०२५ मध्ये निसार उपग्रह वर गेला, त्याचं रडार अख्खा घाट पाहू शकतं, पण दाट रानात हेक्टरी साधारण शंभर टनांपुढे अशा रडारची नजर मंदावते. त्याला टन शिकवायलाही हेच दहा गुंठे लागतात.

साडेआठ. मालकांपैकी थोरले भाऊ ओटीवर येतात. वाद मिटलाय, ठेकेदार विचारून गेलाय. "ताई, उभं ठेवून काय मिळेल?"

लॅटिन अमेरिकेतल्या ४५ ठिकाणच्या प्लॉटांवरून २०१६ मध्ये निघालेला हिशेब त्यांना सांगते: वीस वर्षांत हेक्टरी सरासरी १२२ टन, आणि जुन्या जंगलाच्या नव्वद टक्के वजन गाठायला साधारण ६६ वर्षं. आपल्याकडे सात-आठ महिने कोरडे, खाली कातळ, तेव्हा तेच आकडे इथे धरू नका, हेही सांगते. तुमचं रान अर्ध्या वाटेवर आहे, आता तोडलंत तर पुन्हा पहिल्या पावसापासून. पैशाचं उत्तर माझ्याकडे नाही. उभ्या रानासाठी मालकाला दरवर्षी काही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं, आणि ते मिळत नाही तोवर त्यांना दोष देणार नाही. निदान वहाळाकाठचा पट्टा सोडा, एवढं मागते. ते धाकट्यांशी बोलतो म्हणतात. उद्या पलीकडच्या रानात जायचं आहे. तिथल्या तोडीचं साल घरातल्या वहिनींना पक्कं ठाऊक आहे, ते त्या आतून ओरडून सांगतात.