कोंबडा की तलंग? परसातल्या पिल्लांचे लिंग ओळखणे

परसात दहा-बारा पिल्ले आणली की अंडी कधी मिळतील याचा हिशोब सुरू होतो. पण निवड न केलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. ओळख चुकली आणि तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, नर समजून विकली गेली, तर तिला महिनोन्महिने घातलेले खाद्य वाया जाते. म्हणून कोणती खूण कोणत्या वयात धरायची आणि का, हे पाहू.

१. लिंग कोठे ठरते?
कोंबड्यात दोन झेड गुणसूत्रे असतात, तर कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे पिल्लाचे लिंग आईच्या बीजांडावर ठरते. कवच त्यानंतर चढते. म्हणून टोकदार अंड्यातून नर निघतो, या समजुतीला आधार नाही.

२. पहिला दिवस
उबवणूक केंद्रात कुशल कामगार गुदद्वार तपासून लिंग सांगतात. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. घरी ती करू नये; पिल्लाला इजा होते. दुसरी पद्धत पंखांची. पिसे उशिरा वाढवणारे प्रभावी जनुक झेड गुणसूत्रावर असते. असे जनुक असलेली कोंबडी आणि पिसे लवकर फुटणारा कोंबडा यांची जोडी लावली, तर मादी पिल्लांच्या पंखांतली लांब पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्टपणे मोठी दिसतात, नरांची नाहीत. गावठी पिल्लांचे आईबाप असे निवडलेले नसतात. तेथे ही खूण लावू नये.

३. सहा ते आठ आठवडे: तुरा
नर संप्रेरकामुळे तुरा मोठा आणि लाल होतो. एकाच वयाची, एकाच जातीची पिल्ले शेजारी ठेवून तुलना करावी. मात्र मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथमध्ये तुराही काळपट असतो. तेथे रंग सोडून आकार पाहावा. तलंग अंड्यावर येऊ लागली की तिचाही तुरा लाल होतो, हेही लक्षात ठेवावे.

४. बारा आठवड्यांच्या सुमारास: पिसे
पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी पाहा. नराची पिसे अरुंद, टोकदार, चमकदार असतात, मादीची गोलसर. मानेवरही हाच फरक दिसतो, पण उघड्या मानेच्या जातीत तेथे पिसेच कमी, म्हणून पाठ पाहावी. पिसांना गोलसर आकार देते ते स्त्री संप्रेरक. ते नसेल तर पिसे नरासारखी येतात. म्हणूनच अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला पुढच्या पिसगळीनंतर कोंबड्यासारखी पिसे येऊ शकतात.

५. निर्णय
तुरा एका संप्रेरकाचे लक्षण, पिसांचा आकार दुसऱ्याचे. मापनात दोन वेगळी उपकरणे एकच उत्तर देतात, तेव्हा आपण त्यावर विसंबतो, येथेही तसेच. तुरा आणि पाठीची पिसे दोन्ही एकाच बाजूला बोलली, तर निर्णय घ्यावा. दोघांत मतभेद असेल, तर त्या पक्ष्याच्या पायात दोरा बांधून आणखी तीन-चार आठवडे थांबावे. आरवणे किंवा पायामागचा काटा एकट्याने पुरेसा पुरावा नाही. क्वचित कोंबडीही आरवते आणि काही कोंबड्यांना, म्हणजे माद्यांनाही, काटा येतो.