एका नावाची बदली

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आणि शाळा, पतसंस्था, वकिलांची कार्यालये इथल्या संगणकांतले जुने नमुने बदलण्याचे काम पुढे आले. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबून जुने-नवे नाव भरले, की सगळी फाईल क्षणात बदलते. ‘अहमदनगरच्या’चे ‘अहिल्यानगरच्या’ होते, प्रत्ययाला धक्काही लागत नाही. हे पाहताना खरोखर आनंद होतो!

पण जुन्या फाईली अनेकदा कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतात. तिथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये टाइप केलेले ‘अहमदनगर’ त्यात सापडतच नाही. अशी फाईल आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि मग जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. हे कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

सरसकट ‘रिप्लेस ऑल’ही धोक्याचे. ‘अहमद निजामशहाने अहमदनगर वसवले’ या वाक्यात संगणक अहिल्यानगर घालून मोकळा होईल. जुन्या दाखल्यांतले उतारे, १९४७ सालचे अहमदनगर कॉलेज, इथेही तेच. अशा मजकुरात एकेक जागा पाहूनच बदल करा, आणि मूळ फाईलची प्रत आधी वेगळी ठेवा.