नगरच्या फरारबाई आणि एक शाळाभेट

आपल्या निवासी शाळेच्या पालकसभेत गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास निघतो. ‘सर, मुलांना इंग्रजी शिकवायला एखादा परदेशी शिक्षक आणता येईल का?’ विचारणारे पालक बहुधा नुकतेच ऊसतोडीहून परतलेले असतात. कारखान्याच्या तळावर, कोपीत सहा महिने काढलेल्या त्या माणसाला आपल्या लेकराच्या तोंडी फर्डे इंग्रजी ऐकायचे असते. या इच्छेला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला अशा वेळी आपल्याच जिल्ह्यात आयुष्य वेचलेली एक परदेशी शिक्षिका आठवते. त्या म्हणजे मिस सिंथिया फरार. आमची मुले त्यांचे नाव ऐकले की नगरच्या फराह बागेशी घोटाळा करतात. त्या बागेचा आणि बाईंचा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

फरारबाईंचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो या गावी झाला. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती. पण मिशनऱ्यांच्या पत्नी संसार आणि लेकरे सांभाळून शाळा पाहत असत आणि काम रेटत नसे. म्हणून केवळ शाळांसाठी एक अविवाहित शिक्षिका पाठवावी, अशी मागणी झाली. त्यानुसार १८२७ च्या जूनमध्ये बाई बोस्टनहून जहाजात बसल्या आणि वर्ष संपता संपता मुंबईस पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या मिशन-मंडळाने भारतात पाठविलेली ही पहिली अविवाहित अमेरिकन स्त्री. ज्या काळी आपल्याकडे मुलीने शाळेचा उंबरा ओलांडणे हे पाप मानले जाई, त्या काळी तिकडेही एकट्या स्त्रीने समुद्र ओलांडणे सोपे नव्हते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बाई इंग्रजी बोलणाऱ्या होत्या, परंतु त्यांच्या शाळांतील शिक्षण मराठीतून चाले. म्हणजे शिकविण्यापूर्वी त्यांना स्वतः विद्यार्थिनी व्हावे लागले. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला. बाई त्याच्या आधी चार वर्षे आल्या होत्या. तेव्हा ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे उच्चार, बोलण्यातली अहोजाहो, मुलींशी कसे बोलावे आणि त्यांच्या आज्यांशी कसे बोलावे, हे सारे माणसांच्या तोंडूनच शिकणे भाग होते. दोनच वर्षांत, १८२९ पर्यंत, मुंबईतील त्यांच्या देखरेखीखालील शाळांत चारशेहून अधिक मुली आल्या, यावरून त्यांच्या चिकाटीची कल्पना यावी.

प्रकृती खालावल्यामुळे १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परत येऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिल्या. तेव्हाचे नगर डोळ्यांसमोर आणून पाहा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ चा, म्हणजे बाईंच्या निधनानंतर सोळा वर्षांनी झालेला. मुंबईहून निघालेला प्रवासी बोरघाट चढून पुण्यास येई आणि तेथून पालखीत, घोड्यावर किंवा बैलगाडीने नगर गाठी. घरच्या पत्राला तर महिनोन्‌महिने लागत. मिशनच्या शाळांत एतद्देशीय पंतोजी नेमलेले असत. देखरेख करणाऱ्या बाईने शाळाशाळांतून फिरायचे, हजेरी पाहायची, धडा म्हणवून घ्यायचा, शिवणकाम तपासायचे आणि पंतोजींच्या पगाराचा हिशेब ठेवायचा, असा एकूण दिनक्रम. मुलगी चार अक्षरे वाचू लागली की तिचे लग्न ठरायचे आणि पाटी सुटायची. आजही आपल्या तालुक्यात सातवी-आठवीतली मुलगी हंगामानंतर परत येते की नाही, याची धास्ती आम्हा शिक्षकांना असते. त्यामुळे हा प्रसंग मला जुना वाटत नाही.

विरंगुळ्यासाठी गोऱ्या लोकांना नगरच्या आसपास जागा होत्या. चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर होती, डोंगरगणची दरी होती. मिशनमधली मंडळी उन्हाळ्यात महाबळेश्वरही गाठत. पण त्यांची खरी भटकंती हिवाळ्यातली. तंबू आणि पुस्तके गाडीत भरून मिशनरी खेडोपाडी हिंडत. गावाच्या देवळात ज्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्या महारवाड्यात जाऊन एखादा गोरा माणूस बसतो आणि वाचायला पुस्तक देतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे नगर जिल्ह्यात मिशनकडे वळलेल्यांत महार-मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने का होते, याचे एक कारण येथे सापडते.

तरीही भाबडेपणा नको. मिशनचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता. वाचनाच्या धड्यांत बायबल असे, आणि नगरला मिशनने मुलींची निवासी शाळा चालविली तीही त्याच हेतूने. आपण धम्म स्वीकारलेली माणसे आहोत आणि कोणत्याही देवाच्या लेकरांत जमा होण्याची आपली तयारी नाही. परंतु हेतू आणि परिणाम या दोन गोष्टी इतिहासात वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. फरारबाईंच्या बाबतीत तर परिणाम हेतूला मागे टाकून फार दूर गेला.

तो परिणाम एका शाळाभेटीतून घडला. जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते. जोतीराव तेथे गेले असता दोघांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. ही हकिकत ऐकीव नाही. १८५३ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेल्या निवेदनात जोतीरावांनी ती स्वतः सांगितली आहे. मुलींना ज्या रीतीने शिकविले जात होते ते पाहून आपणास समाधान वाटले आणि पुण्यास परतताच आपण मुलींची शाळा काढली, असा त्याचा आशय आहे. १८४८ ची पुण्यातील ती शाळा आपल्याला ठाऊक आहेच. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे अनेक चरित्रांत लिहिलेले आढळते. मी मात्र वर्गात जोतीरावांच्या स्वतःच्या शब्दांवरच भर देतो, कारण त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

जोतीरावांनी नगरहून काय नेले याचा मी अनेकदा विचार करतो. धर्म त्यांनी नेला नाही. इंग्रजीही नाही, ती त्यांना पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेतच येत होती. त्यांनी एक दृश्य नेले: मराठी मुलगी मांडी घालून बसली आहे आणि वाचते आहे. हे घडू शकते, असे पुस्तकात वाचणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. त्यांनी त्या दृश्यात एक भर घातली, ती अशी की शिकविणारी बाईही आपल्यातलीच असेल. बाहेरच्या बाईंची वाट पाहण्याची गरज सावित्रीबाईंनी संपवली. त्यांच्याच शाळेतली मुक्ता ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. ते ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले होते नगरलाच. पुढे बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले त्यांत बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतीराव आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

फरारबाईंचे २५ जानेवारी १८६२ रोजी नगरला निधन झाले. भारतात येऊन त्यांना चौतीस वर्षे झाली होती.

पालकसभेतल्या त्या प्रश्नाला मी अलीकडे असे उत्तर देतो: परदेशी पाहुणे आले तर त्यांचे स्वागतच करू, पण ते किती दिवस राहणार आणि आपल्या मुलांची भाषा शिकायला तयार आहेत का, हे आधी विचारू. गेल्या पालकसभेत यावर मागच्या रांगेतील एक आई उठून म्हणाली, ‘मग सर, आपल्याच पोरी इंग्रजीच्या बाई का होईनात?’ तिची मुलगी सध्या आपल्याकडे नववीत आहे. या वर्षी नगरची सहल निघेल तेव्हा किल्ला आणि चांदबीबीचा महाल पाहून झाल्यावर जोतीरावांच्या त्या शाळाभेटीची हकिकत मुलांना तिनेच सांगावी, असे ठरले आहे.