मॅजेस्टिकच्या पोटात एक तळे

मुंबईहून निघालेली उद्यान एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर स्टेशनात शिरते. बाहेर पडले की समोरच मॅजेस्टिकचे भलेमोठे बसस्थानक लागते. शेकडो बसगाड्या, कानडी पाट्या, फिल्टर कॉफीचा वास आणि सामानाच्या पिशव्या सांभाळत धावणारी माणसे. या गर्दीत उभा असलेला पाहुणा मनात म्हणतो, की आपण एका अवाढव्य शहरात येऊन पोचलो. आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

या तळ्याचे नाव धर्मांबुधी. अंबुधी म्हणजे सागर. तळ्याला सागर म्हणावे, एवढे त्या काळच्या लोकांना त्याचे अप्रूप होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जुन्या बंगळूरची पेठ याच तळ्यावर पाणी भरत असे. १८९६ च्या सुमारास हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले, घरोघरी तोट्या फिरू लागल्या आणि तळ्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. तळे आटले, त्याचे मैदान झाले, तिथे सभा भरू लागल्या आणि १९६९ साली बसस्थानक उभे राहिले.

बंगळूरला जाणारी मराठी मंडळी सहसा लालबाग, विधानसौध, टिपूचा महाल आणि एखादा मॉल पाहतात व दुसऱ्या दिवशी म्हैसूरची वाट धरतात. मुलगा किंवा सून तिथे नोकरीला असेल तर मुक्काम वाढतो, पण पाहण्याची ठिकाणे वाढत नाहीत. ‘आयटीचे शहर, त्यात जुने काय असणार?’ असा एक ग्रह झालेला असतो. खरे तर या महानगराच्या पोटात एक छोटेसे, तळ्याकाठचे गाव अजून शाबूत आहे. ते शोधायचे असेल तर पाण्याचा माग काढत जावे.

बंगळूरला नदी नाही. पुण्याला मुळा-मुठा, नाशिकला गोदावरी, कोल्हापूरला पंचगंगा. बंगळूर मात्र सुमारे तीन हजार फूट उंचीच्या एका पाठारावर वसलेले. पडलेला पाऊस दोन्ही अंगांनी उतरून निघून जायचा. म्हणून १५३७ साली केंपेगौडाने मातीचा कोट घालून गाव वसवले, तेव्हापासून उताराचे ओहोळ बांध घालून अडवायचे आणि तळी करायची, ही इथली रीत झाली. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही त्या काळाशी जोडली जाणारी नावे. कोटाच्या आत पेठा वसल्या. पुण्याच्या माणसाला त्या लगेच ओळखीच्या वाटतील. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेठ. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेठ. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेठ. कुंभारपेठेचा अर्थ तर सांगायलाच नको. चिक्कपेठेत रेशमी साड्यांची दुकाने आजही अशी खेटून उभी आहेत, की घरातल्या बायका एकदा आत शिरल्या की पुरुषांनी बाहेर कॉफी पीत बसावे हे बरे.

याच पेठांमध्ये तिगळरपेठ नावाचा एक भाग आहे. तिगळ हा माळीकाम करणारा समाज. फुले, भाजीपाला आणि फळबागा हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांचे दैवत द्रौपदी. तिगळरपेठेतल्या धर्मरायस्वामींच्या, म्हणजे धर्मराजाच्या देवळातून दरवर्षी चैत्री पौर्णिमेच्या रात्री ‘करग’ निघतो. आपल्याकडे त्या दिवशी हनुमान जयंती असते. करग म्हणजे कलश. देवळाचा एक पुजारी व्रतस्थ राहून द्रौपदीचे रूप घेतो. हळदी रंगाची साडी, हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि डोक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांनी संपूर्ण मढवलेला, मनोऱ्यासारखा उंच करग. हाताचा आधार न देता तो हा करग तोलून धरतो आणि रात्रभर पेठांमधून झपाझप चालतो, मधूनच नाचतो. भोवती उघड्या अंगाचे, नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार धावत असतात. एका असुराशी लढण्यासाठी द्रौपदीने या वीरकुमारांना निर्माण केले, आणि ती स्वर्गाला निघाली तेव्हा त्यांनी तिची वाट अडवली. ‘वर्षातून एकदा येईन’ असे वचन देऊन मग ती गेली, अशी कथा आहे. त्या वचनाची ही रात्र.

करगाच्या वाटेवर कॉटनपेठेत तवक्कल मस्तान यांचा दर्गा लागतो. करग तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. ही प्रथा कित्येक पिढ्यांची आहे, आणि तिथल्या लोकांना तिच्यात विशेष असे काही वाटत नाही, हेच विशेष!

आता पाण्याचा संबंध. मुख्य रात्रीच्या आधी ‘हसी करग’ नावाचा एक विधी होतो. हसी म्हणजे कच्चा, ओला. हा करग येतो संपंगी तळ्याच्या काठावरून. परंपरेने त्याला माती लागते ती तळ्यातलीच. पण संपंगी तळे आज आहे कुठे? कस्तुरबा रोडजवळ कंठीरव स्टेडियम आहे. १९९७ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा तिथे झाल्या. तेच संपंगी तळे. या तळ्याच्या पाण्यावर तिगळांचे मळे पिकत. एकोणिसाव्या शतकात छावणीतल्या गोऱ्या मंडळींना मात्र पोलो खेळायला कोरडी, सपाट जागा हवी होती. माळ्यांना पाणी हवे, साहेबाला मैदान हवे, असा हा वाद. तो कोणी जिंकला हे स्टेडियमकडे पाहिले की कळते. स्टेडियमच्या एका बाजूला बांधीव चौकोनी डबके तेवढे राखून ठेवले आहे. वर्षातून एकदा द्रौपदी तिथे येते. पाणी गेले, मळे गेले, मळेवाल्यांची पोरे दुसऱ्या कामाधंद्याला लागली, तरी या समाजाने आपल्या तळ्याचा पत्ता विसरू दिलेला नाही.

मराठी माणसाने तर आणखी एका ठिकाणी आवर्जून जावे, ते म्हणजे मल्लेश्वरम. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. बालशिवाजी जिजाबाईंसह काही काळ इथे येऊन राहिले होते, असे इतिहासकार सांगतात. शहाजीराजांच्या इथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त करून ठेवले आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली हा ग्रंथ छापला नसता तर बंगळूरचे ते दिवस आपल्याला कळलेही नसते. १६६४ मध्ये शहाजीराजे होदिगेरे इथे वारले. बंगळूर त्यांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, यांच्याकडे राहिले. पुढे एकोजी तंजावरला गेले, १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हाती पडले. जवळजवळ पन्नास वर्षांच्या त्या मराठी अमलाची दगडात कोरलेली खूण मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी आहे. १६६९ सालचा शिलालेख. मल्लपुरातल्या मल्लिकार्जुनाला एकोजीराजांनी एक गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. लिपी आणि भाषा मात्र कानडी. राज्यकर्ता मराठी असला तरी लोकांच्या देवाला दिलेले दान लोकांच्याच भाषेत लिहायचे, एवढा पोच त्या काळी होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना पाट्यांवरून डोकी फुटतात, तेव्हा या दगडाची आठवण यायला हरकत नाही.

‘काडु’ म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर इथे नवी वस्ती वाढली, तोवर हा देव खरोखरच रानात होता. आज देवळाच्या आवारात मोठमोठी झाडे आहेत, पारावर नागांचे दगड आहेत आणि गाव असल्यासारखी शांतता आहे. देवळासमोरच नंदीतीर्थ आहे. १९९७ च्या सुमारास इथली मोकळी जागा खणली तेव्हा मातीखाली गडप झालेली दगडी पुष्करणी निघाली. नंदीच्या मुखातून पाण्याची बारीक धार पडते, ती खालच्या शिवलिंगावर, आणि तिथून कुंडात. शेजारपाजारची मुले पायऱ्यांवर बसून कुंडातली कासवे पाहत असतात. इथून चालण्याच्या अंतरावर सँकी तलाव आहे, १८८२ सालचा. मोठ्या दुष्काळाने पोळल्यावर कर्नल सँकी या इंग्रज इंजिनिअरने तो बांधून घेतला. संध्याकाळी आजी-आजोबांना एक फेरी मारायला उत्तम.

बंगळूरला पूर्वेकडच्या हलसूरमध्येही अशीच एक पुष्करणी सापडली. सोमेश्वराच्या जुन्या देवळापुढे २०१० साली खणले, तेव्हा बुजलेल्या पायऱ्यांचे कुंड वर आले. या देवळाच्या भिंतीवर कैलास उचलणारा रावण कोरलेला आहे, तो लहान मुलांकडून शोधून घ्यावा. जवळच हलसूरचा तलाव. मेट्रोचे स्टेशनही हाकेच्या अंतरावर आहे.

चित्रांची आवड असेल तर कुमारकृपा रोडवरच्या चित्रकला परिषदेसाठी अर्धा दिवस काढावा. १९६० साली स्थापन झालेल्या या संस्थेत सोनेरी कामाची म्हैसूर शैलीची चित्रे आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे. दिव्यापुढे धरून पडद्यावर सावल्या नाचवायच्या, तो खेळ. या बाहुल्या पाहून कोकणातल्या पिंगुळीची आठवण होतेच, आणि ती अगदीच चुकीची नाही. कर्नाटकात हा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक घरात मराठीची एक बोली बोलतात! जानेवारीतल्या एका रविवारी याच रस्त्यावर ‘चित्रसंते’ भरते. संते म्हणजे आठवड्याचा बाजार. २००३ पासून ही प्रथा सुरू आहे. रस्ता वाहनांना बंद, दोन्ही कडांना चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले, आणि मेथीची जुडी घ्यावी तशी लोक चित्रांची घासाघीस करताहेत. चांगले चित्र घरी नेण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही, हे त्या दिवशी पटते.

बसवनगुडीचा मोठा नंदी बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण या नंदीच्या पायाशी वृषभावती नदीचा उगम, अशी श्रद्धा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. खेड्यापाड्यांतले शेतकरी नव्या शेंगांचे ढीग लावतात. पहिला मान नंदीचा. वृषभावती मात्र आता शहराचे सांडपाणी वाहून नेते. ती पुढे अर्कावतीला आणि तिच्यातून कावेरीला मिळते. त्याच कावेरीचे पाणी १९७० च्या दशकापासून सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवत बंगळूरला आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, तेव्हा नव्या वस्त्यांमध्ये टँकरसाठी रांगा लागल्या होत्या. त्या वेळी बुजवलेल्या तळ्यांची नावे पुन्हा वर्तमानपत्रांत येऊ लागली.

करग पाहायला जायचे असेल तर तिगळरपेठेत रात्री लवकर पोचावे, चिक्कपेठ मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जावे. देवळाशेजारच्या गल्ल्या अरुंद आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये. करग देवळाबाहेर यायला मध्यरात्र उलटते. तोवर दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली, मोगऱ्याचे गजरे माळलेली कुटुंबे डबे उघडून जेवत असतात, आणि शेजारी बसलेल्या परक्यालाही चित्रान्नाचा घास पुढे करतात.