मुक्तिबोधांचा तिसरा क्षण

अनुभवावाचून लिहू नये, हा उपदेश आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की अनुभव आला म्हणजे निर्मितीचे मुख्य कार्य आटोपले, अशीच पुष्कळांची समजूत होते. या समजुतीचा सर्वांत मर्मग्राही प्रतिवाद एका मराठीभाषी घरातील लेखकाने हिंदीत केला आहे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) नागपूरला जाण्यापूर्वी काही काळ जबलपुरात राहिले होते. पुढे हरिशंकर परसाई याच शहरातून काढीत असलेल्या ‘वसुधा’ मासिकातून त्यांचे डायरीवजा लेख येत असत. १९६४ मध्ये ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात ते संगृहीत झाले. त्यातील ‘तीसरा क्षण’ हा निबंध प्रस्तुत विवेचनाचा आधार होय.

निबंधाचे रूप संवादाचे आहे. केशव नामक मित्राशी चाललेल्या बोलण्यातून कलेचे तीन क्षण उलगडत जातात. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून विलग होऊन एका कल्पनाचित्राचे, मुक्तिबोधांच्या शब्दांत ‘फँटसी’चे, रूप धारण करतो. हे चित्र शब्दबद्ध होऊ लागल्यापासून पूर्णत्वास जाईपर्यंतचा काळ हा तिसरा क्षण. पहिले दोन टप्पे आपल्या काव्यशास्त्राला सर्वस्वी अपरिचित नाहीत. भट्टनायकाच्या साधारणीकरणात स्व-परभावाचे बंधन सुटते. मात्र तेथे दृष्टी रसिकावर आहे, येथे ती निर्मात्यावर आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांत सौंदर्य शोधले. मुक्तिबोधांना घडण तितकीच महत्त्वाची वाटते, पण जीवनापासून तिचा धागा तोडणे त्यांना मान्य नाही. (बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा ग्रंथ या निबंधाशेजारी ठेवून वाचावयास हवा.)

खरी नवी गोष्ट तिसऱ्या क्षणाविषयीची आहे. भाषा ही कवीची खाजगी मालमत्ता नव्हे. ती समाजाचा वारसा आहे. म्हणून शब्दात उतरताना मूळ चित्र बदलते आणि त्याच्या दडपणाने भाषाही नवे अर्थ घेते. म्हणजे विचार आधी पूर्ण होतो आणि मग लिहिला जातो असे नसून, लिहिण्याच्या झटापटीतच त्याचा बराचसा भाग जन्मतो. घरात एक भाषा व कागदावर दुसरी असलेल्या लेखकाला हे इतक्या स्पष्टपणे दिसावे, हा निव्वळ योगायोग नसावा. हे अनुमान माझे आहे, निबंधात ते नाही. पण जबलपुरातील घमापुर वस्तीत वाढलेल्या मराठी माणसाला ते सहज सुचते.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी असे. वडील सायकलने गन कॅरेज फॅक्टरीत कामाला जात. ते वारले तेव्हा नागपूरच्या आत्याला पत्र लिहिले. ‘बाबा गेले’ हे शब्द आपोआप उतरले. शेजाऱ्यांसाठी व कारखान्यातील सोबत्यांसाठी हिंदीत चार ओळी लिहावयास बसलो, तेव्हा मात्र लेखणी थांबली. ‘चले गए’ हे आमच्या मराठीचे भाषांतर वाटे, ‘चल बसे’ सैल वाटे. ‘नहीं रहे’ अचूक होते, पण दार लावून घेतल्यासारखे. त्या अडखळण्यातच ध्यानात आले की आत्याच्या पत्रात ‘गेले’ हा शब्द मी मृत्यूसाठी योजलाच नव्हता. वर्षानुवर्षे सकाळी कुणी दारात येऊन बाबांची चौकशी केली की आई ‘गेले’ एवढेच सांगे, आणि संध्याकाळी ओट्याला सायकल टेकल्याचा आवाज येई. मी लिहिलेला शब्द आईचा होता. दुःख दोन्ही पत्रांमागे एकच होते. हे ज्ञान मात्र दुसऱ्या पत्रापूर्वी माझ्यापाशी नव्हते.

हिंदी मजकुरात अखेर ‘नहीं रहे’ असेच लिहिले.